किशोरवयीन मुलाला मानसिक आजारासाठी रुग्णालयात दाखल करताना: सांगलीच्या एका आईला वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझी मुलगी सोळा वर्षांची आणि अकरावीत असताना, २०२२ च्या पावसाळ्यात, तीव्र नैराश्यासाठी मिरजेतील एका रुग्णालयाच्या मनोविकार विभागात एकोणीस दिवस दाखल होती आणि तिच्यासोबत मीही तिथेच राहिले. त्यानंतर ओळखीपाळखीतून, कधी शिक्षकांच्या मार्फत, तासगाव, विटा, कराड अशा ठिकाणांहून पालकांचे फोन येऊ लागले. बहुतेकांचे प्रश्न तेच असल्यामुळे उत्तरे एकदा नीट लिहून काढावीत असे ठरवले. मी डॉक्टर नाही आणि वकीलही नाही. औषधाचा निर्णय आपल्या डॉक्टरांचाच. कायद्याविषयी जे लिहिले आहे ते मात्र कायद्याचा मजकूर स्वतः वाचून लिहिले आहे. मुलगी आता सज्ञान आहे. तिने हे सर्व वाचले, दोन उत्तरे काढायला लावली आणि उरलेल्याला संमती दिली.

ओपीडीत उपचार चालू असताना दाखल करण्याची वेळ आली आहे, हे कसे ओळखायचे?

हा निर्णय डॉक्टर सुचवतात, पण त्यांना सुचवता यावे इतकी माहिती घरातूनच जावी लागते, आणि तिथेच आम्ही कमी पडलो. पावसाळ्यात कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी किती फुटांवर आले याची चौकशी आम्ही सांगलीकर तासातासाला करतो. घरातल्या मुलीची झोप किती तासांवर आली आहे याची चौकशी मी दोन महिने केली नव्हती. ती रात्री जागी असते हे मला माहीत होते, पण ती अभ्यास करते अशी माझी समजूत होती. जेवण कमी झाले तेव्हा मी ते डाएटच्या खात्यावर टाकले, मैत्रिणी यायच्या थांबल्या तेव्हा क्लासच्या वेळांवर. वहीच्या शेवटच्या पानावर तिने जे लिहिले होते ते तिच्या लहान भावाने आणून दाखवले, तेव्हा कुठे या सर्व गोष्टी एकाच दोऱ्यात ओवलेल्या दिसल्या.

सर्वसाधारणपणे मुलाच्या स्वतःच्या किंवा इतरांच्या जिवाला धोका वाटत असेल, अन्नपाणी किंवा झोप जवळजवळ बंद झाली असेल, कानात आवाज येत असतील किंवा कोणीतरी आपल्यावर पाळत ठेवून आहे अशी खात्री वाटत असेल, गोळ्या घरी दिल्या जात नसतील, किंवा घरचे लोक चोवीस तास लक्ष ठेवू शकत नसतील, तर डॉक्टर दाखल करण्याचा विचार करतात. आमच्या डॉक्टरांनी एकच प्रश्न विचारला: ‘आज रात्री तुम्ही दोघे आळीपाळीने जागे राहू शकाल का, आणि उद्या, आणि परवा?’ माझ्या यजमानांनी ‘हो’ म्हटले आणि मी ‘नाही’ म्हटले. त्या ‘नाही’ची मला बरेच दिवस लाज वाटत होती, आज वाटत नाही.

मुलाशी मरणाविषयी बोलले तर त्याच्या डोक्यात ते शिरेल, ही भीती सर्वांना असते. सरळ, शांतपणे विचारल्याने तसा विचार निर्माण होत नाही. उलट मुलाला बोलायला वाट मिळते.

रात्री-अपरात्री अडचण आली तर?

मूल एकटे राहणार नाही एवढे आधी पाहावे आणि जवळच्या कोणत्याही रुग्णालयात जावे. मनोविकारतज्ज्ञ नसेल तरीही, मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ नुसार कोणताही नोंदणीकृत डॉक्टर जिवाचा धोका टाळण्यासाठी तातडीचे उपचार ७२ तासांपर्यंत देऊ शकतो, त्यामुळे ‘हे आमच्याकडे होत नाही’ या उत्तरावर परत फिरू नये. रुग्णवाहिकेसाठी १०८ आहे. केंद्र सरकारची टेलि-मानस ही मोफत दूरध्वनी सेवा १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली. तिचा क्रमांक १४४१६ असून तिथे मराठीत बोलता येते. मुलांसाठी १०९८ हाही क्रमांक आहे.

सांगली-साताऱ्यात अशी सोय कुठे मिळते?

मिरज हे दवाखान्यांचेच गाव आहे. १८९४ साली डॉ. विल्यम वॉनलेस यांनी तिथे रुग्णालय काढले आणि १९६२ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. मिरजेचे शासकीय रुग्णालय, सांगलीचे वसंतदादा पाटील शासकीय रुग्णालय, साताऱ्याचे क्रांतिसिंह नाना पाटील जिल्हा रुग्णालय, म्हणजे आपले सिव्हिल, आणि काही खासगी रुग्णालये या ठिकाणी चौकशी करावी. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाची माहिती सिव्हिलमध्येच मिळते. सरकारी प्रादेशिक मनोरुग्णालये राज्यात चार आहेत: पुण्यात येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी. किशोरवयीन मुलांसाठी वेगळा विभाग मिळणे आपल्याकडे कठीण असते, म्हणून दाखल करण्याआधी ‘अठरा वर्षांखालील मुलांना कुठे ठेवता’ हा प्रश्न स्पष्ट विचारावा. बंगळुरूच्या निम्हान्स या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेत मुलांचा वेगळा विभाग असून तिथे आईवडिलांपैकी एकाने सोबत राहण्याची पद्धत आहे. राणी चन्नम्मा एक्स्प्रेसने मिरजेहून तिकडे जाणारी कुटुंबे मला माहीत आहेत, पण पहिल्याच तातडीच्या प्रसंगी इतका लांबचा प्रवास करू नये असे माझे मत आहे.

कायदा काय सांगतो? आमच्या सहीला काही अर्थ असतो का?

खूप अर्थ असतो, आणि बहुतेक पालकांना तो कोणी समजावून सांगत नाही, म्हणून हे उत्तर लांबवत आहे.

अठरा वर्षांखालील मुलाला दाखल करण्याची पद्धत या अधिनियमाच्या कलम ८७ मध्ये आहे. कायदा ‘नामनिर्देशित प्रतिनिधी’ असा शब्द वापरतो. अज्ञान मुलाच्या बाबतीत तो प्रतिनिधी म्हणजे सर्वसाधारणपणे त्याचा कायदेशीर पालक, अर्थात आपण. अर्ज आपण करायचा असतो. त्यानंतर दोन मनोविकारतज्ज्ञांनी, किंवा एक मनोविकारतज्ज्ञ आणि दुसरा मानसिक आरोग्य व्यावसायिक अथवा डॉक्टर यांनी, दाखल होण्याच्या दिवशी किंवा त्याआधीच्या सात दिवसांत मुलाला स्वतंत्रपणे तपासलेले असावे लागते. आजार दाखल करण्याइतका गंभीर आहे, दाखल करणे मुलाच्या हिताचे आहे आणि घरी किंवा ओपीडीत राहून होणारे उपचार पुरेसे ठरलेले नाहीत किंवा ठरणार नाहीत, असे दोघांचेही मत व्हावे लागते. मुलाची स्वतःची इच्छा काय आहे हेही त्यात विचारात घ्यायचे असते.

दाखल झाल्यावर मुलाला प्रौढ रुग्णांपासून वेगळे ठेवणे बंधनकारक आहे. पालकाने किंवा पालकाने नेमलेल्या व्यक्तीने पूर्ण काळ सोबत राहायचे असते, आणि मुलगी असून अर्ज करणारा पुरुष असेल तर सोबतीला स्त्रीच असावी लागते. रुग्णालयाने ७२ तासांच्या आत मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाला कळवायचे असते. मुक्काम ३० दिवसांच्या पुढे गेला तर मंडळाला पुन्हा कळवावे लागते आणि मंडळ सात दिवसांत व त्यानंतर दर ३० दिवसांनी त्या प्रकरणाचा आढावा घेते.

आम्ही आधी दुसऱ्या एका रुग्णालयात गेलो होतो. तिथे पहिली रात्र माझ्या मुलीला प्रौढ स्त्रियांच्या वॉर्डातील कोपऱ्याच्या कॉटवर काढावी लागली. समोरची बाई रात्रभर कोणाला तरी हाका मारत होती. ती बिचारी आजारीच होती, तिचा दोष काहीच नव्हता. पण माझी मुलगी भिंतीकडे तोंड करून, कानांवर हात ठेवून पडली होती आणि मी ‘इथे असेच असते’ अशी स्वतःची समजूत घालत होते. कायद्याने ते चालत नाही हे मला तेव्हा माहीत असते तर मी त्याच रात्री विचारणा केली असती.

शेवटची गोष्ट दुधारी आहे. पालकाने दाखल ठेवण्याला पाठिंबा काढून घेतला तर मुलाला डिस्चार्ज द्यावा लागतो. म्हणजे दार आतून आपल्यासाठी कधीच बंद नसते, आणि नेमके त्यामुळेच सहाव्या-सातव्या दिवशी, मूल ‘घरी चल’ म्हणून रडत असताना, घरून फोनवर फोन येत असताना, डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध सही करून घेऊन जाण्याचा मोह अनावर होतो. माझ्या नणंदेने सहाव्या दिवशी दारात येऊन सांगितले, ‘वहिनी, पोरीला इथं ठेवू नका, ती आणखी बिघडेल.’ मी तिला खाली कँटीनमध्ये नेले, चहा पाजला आणि परत पाठवले. त्या दिवशी मी सही केली असती तर काय झाले असते याचा विचार मी करत नाही.

मुलाला काय सांगून न्यावे?

खरे सांगून. इथे मी चुकले, म्हणून ठामपणे लिहिते. मी तिला ‘रक्त तपासायला जाऊ’ असे सांगून घराबाहेर काढले. रिक्षात तिने माझ्या पायाशी ठेवलेली कपड्यांची बॅग पाहिली आणि विचारले, ‘रक्त तपासायला टॉवेल कशाला?’ पुढचे चार दिवस ती माझ्याशी बोलली नाही. सिस्टरांशी बोलली, सफाईच्या मावशींशी बोलली, माझ्याशी नाही. डॉक्टरांनी मला तिच्यासमोर क्षमा मागायला सांगितले. मुलीची क्षमा मागण्याची सवय आपल्याकडे कोणत्या आईला असते? मी मागितली, वाक्य अर्धवटच राहिले, पण पाचव्या दिवशी तिने माझ्या ताटातले लोणचे मागून घेतले.

मूल नकार देत असले तरी ‘तुला झोप यावी, तुझा जीव सुरक्षित राहावा म्हणून काही दिवस रुग्णालयात राहायचे आहे, मी सोबत असेन, आणि तुला तिथे काय पटत नाही ते डॉक्टरांना सांगता येईल’ इतके तरी सांगावे. किती दिवस, याचा शब्द मात्र देऊ नये.

पहिल्या दिवशी नेमके काय होते?

केसपेपर, मग लांबलचक माहिती: जन्माच्या वेळचे, शाळेतले, घराण्यात कोणाला असा आजार होता का. या शेवटच्या प्रश्नाला आमच्या घरात तोवर कोणी उत्तर दिले नव्हते. माझ्या सासूबाईंनी फोनवर त्यांच्या थोरल्या भावाविषयी पहिल्यांदाच सांगितले. रक्ताच्या तपासण्या होतात, कारण थायरॉईडसारख्या शारीरिक बिघाडानेही मनाची लक्षणे दिसू शकतात.

मग सामानाची झडती. ही गोष्ट आधी कोणी सांगत नाही आणि ती फार लागते. चार्जरची वायर, काचेची बरणी, कंपासपेटी, ओढणी हे सर्व बाजूला काढले जाते, आणि सलवारींच्या नाड्याही. सिस्टर नाड्या ओढून काढत होत्या आणि मुलगी खिडकीबाहेर पाहत होती. माझ्या भावजयीने त्या रात्री सहा सलवारींत इलॅस्टिक घालून सकाळी पहिल्या सिटी बसने पाठवून दिल्या. तिच्या उपकाराची फेड माझ्याकडून व्हायची आहे. झडती सोबत राहणाऱ्याचीही होते. मी साडी नेसते, तेव्हा पिना आल्याच. ‘आई, पिना किती आहेत ते सांगा,’ असे सिस्टर रोज सकाळी आणि रात्री विचारत आणि वहीत लिहीत. तिसऱ्या दिवशी एक पीन कमी भरली. अर्धा तास गाद्या उलटून शोधल्यावर ती माझ्याच ब्लाउजला आतल्या बाजूने सापडली. दुसऱ्या दिवसापासून मी पंजाबी ड्रेसवर आले.

कपडे शक्य तर मुलाचे स्वतःचेच न्यावेत. हवे असल्यास स्वतःचे कपडे घालण्याचा हक्क कायद्याने दिलेला आहे, आणि आपल्या नेहमीच्या फिकट झालेल्या टी-शर्टात मूल थोडेसे तरी स्वतःसारखे दिसते.

सोबत राहणाऱ्याने दिवसभर करायचे काय?

फारसे काही नाही, आणि तेच अवघड आहे. सकाळी गोळ्या, नाश्ता, राऊंड; मग मानसशास्त्रज्ञांचे सत्र, ज्यात आपल्याला बाहेर बसवतात; दुपारी झोप; संध्याकाळी व्हरांड्यात फेऱ्या. मी पहिल्या आठवड्यात सतत बोलत होते: समजावणे, उदाहरणे देणे, ‘तुला काय कमी आहे’ हे वेगवेगळ्या शब्दांत विचारणे. मानसशास्त्रज्ञ बाईंनी मला बाजूला घेऊन सांगितले की दिवसभरात मुलीला कोणताही सल्ला न देता दोन तास नुसते शेजारी बसून दाखवा. मी जवळच्या दुकानातून लोकर मागवली. विणकामाच्या सुया वॉर्डात चालत नाहीत हे उघडच होते, म्हणून बोटांनीच साखळी घालत बसायचे. एक दिवस तिने दुसरे टोक धरले. आमच्या त्या साखळीचा काहीही उपयोग नव्हता. ती अजून कपाटात आहे.

आईवडिलांपैकी एकाने राहावे आणि दुसऱ्याने रोज येऊन तासभर सुटका करावी. आपली बीपीची, साखरेची गोळी चुकवू नये. रात्री सिस्टरांची फेरी असते, तेव्हा आपणही झोपावे. पहारा देण्याचे काम तिथे त्यांचे आहे.

औषधांची सवय लागते का? मूल नुसते झोपून राहील का?

पहिले काही दिवस झोप जास्त येते, कारण बऱ्याच वेळा झोप भरून काढणे हाच पहिला उपचार असतो. ती पुढे कमी होते. नैराश्यावरील नेहमीच्या गोळ्यांचे व्यसन लागत नाही. झोपेच्या आणि घबराटीच्या काही गोळ्यांची सवय लागू शकते, म्हणून डॉक्टर त्या थोड्याच दिवसांसाठी देतात. कोणती गोळी कोणत्या प्रकारची आहे हे विचारून लिहून ठेवावे. विचारण्यात संकोच नको.

दोन गोष्टी पालकांनी लक्षात घ्याव्यात. नैराश्यावरील फ्लुओक्सेटीनसारख्या गोळ्यांचा गुण दिसायला दोन ते सहा आठवडे लागतात. दहाव्या दिवशी ‘काहीच फरक नाही’ म्हणून डॉक्टर बदलणे घाईचे होते. दुसरे असे, की किशोरवयात ही औषधे सुरू केल्यावर किंवा मात्रा बदलल्यावर सुरुवातीच्या आठवड्यांत काही मुलांमध्ये बेचैनी आणि आत्मघाताचे विचार वाढू शकतात. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००४ साली याविषयी ठळक इशारा छापणे सक्तीचे केले. याचा अर्थ औषध टाळावे असा नाही, कारण उपचार न केलेले नैराश्यही जिवावर बेतते; अर्थ इतकाच की त्या आठवड्यांत नजर अधिक बारीक हवी आणि बदल दिसताच डॉक्टरांना फोन हवा. ओलान्झापीनसारख्या औषधाने भूक आणि वजन वाढते, लिथियम चालू असेल तर रक्तातील प्रमाण वेळोवेळी तपासावे लागते. कोणतीही गोळी मनाने एकदम बंद करू नये.

शॉक देतात का? बांधून ठेवतात का?

सिनेमात दाखवतात तसे काही होत नाही. विजेचे उपचार भूल आणि स्नायू शिथिल करणारे औषध दिल्याशिवाय करण्यास कायद्याने बंदी आहे, आणि अठरा वर्षांखालील मुलांना तर ते पालकांची संमती आणि पुनर्विलोकन मंडळाची पूर्वपरवानगी या दोन्हींशिवाय देताच येत नाहीत. साखळदंडाला पूर्ण बंदी आहे, एकांतात कोंडून ठेवण्यालाही. शरीराला आवरून धरणे किंवा बांधणे केवळ तत्काळ इजा टाळण्याचा दुसरा मार्ग नसेल तेव्हाच, मनोविकारतज्ज्ञाच्या परवानगीने, गरजेपुरत्या वेळासाठी आणि लेखी नोंद करून करता येते. शिक्षा म्हणून किंवा कर्मचारी कमी आहेत म्हणून मुळीच नाही. आपल्या मुलाच्या बाबतीत तसे घडले तर ती नोंद पाहायला मागावी.

आधी ‘बाहेरचे’ बघून घ्यावे का?

आमच्याकडेही बघितले गेले. औदुंबरला आणि नृसिंहवाडीला जाऊन आलो, त्याबद्दल मला काही म्हणायचे नाही. घाटावर बसून मला स्वतःला बरे वाटले. पण सासरच्या आग्रहाने शेजारच्या तालुक्यातील एका देवऋष्याकडेही नेले आणि त्याने गोळ्या बंद करायला सांगितल्या. त्यात तीन आठवडे गेले. देवाला जावे, पण ज्या ठिकाणी औषध सोडायला सांगतात तिथून उठावे.

भूत उतरवण्याच्या नावाखाली बांधणे, मारणे, चटके देणे हा महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. ज्यांनी या कायद्यासाठी आयुष्य वेचले ते डॉ. नरेंद्र दाभोलकर साताऱ्याचे आणि मिरजेच्याच वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेले, ही गोष्ट मी आमच्या घरातील मोठ्यांना मुद्दाम सांगितली. उपयोग झाला, निदान गप्प बसण्यापुरता.

मोबाईल मिळतो का?

बाहेरच्या व्यक्तींशी संपर्क ठेवण्याचा हक्क कायद्याने दिला आहे, पण वेळा वॉर्डाच्या नियमांप्रमाणे असतात. आम्हाला संध्याकाळी एक तास मिळे. पहिले आठ दिवस तिने तो चालूच केला नाही.

नातेवाइकांना आणि शेजाऱ्यांना काय सांगावे?

जितके सांगायचे तितकेच, पण खोटे रचू नये, कारण रचलेली गोष्ट पुढे मुलालाच सांभाळावी लागते. आम्ही ‘तिला बरे नाही, मिरजेला दाखल केले आहे, भेटायला सध्या परवानगी नाही’ एवढेच सांगितले. ‘काय झाले आहे’ या पुढच्या प्रश्नाला ‘डॉक्टर बघताहेत’ हे उत्तर पुरते. आजाराची माहिती गुप्त ठेवली जाण्याचा हक्क मुलाचा आहे आणि तो रुग्णालयाइतकाच आपल्यालाही बांधून ठेवतो. आत्याला सांगितलेली गोष्ट लग्नाच्या पंगतीत पोचते. लग्नाचे कसे होणार, हा प्रश्न सोळा वर्षांच्या मुलीविषयी मला चौघींनी विचारला. त्यावर मी कोणालाही उत्तर दिलेले नाही आणि इथेही देत नाही.

भावंडाला मात्र नीट सांगावे. वही आणून दाखवणारा माझा मुलगा अकरा वर्षांचा होता आणि आपण चुगली केली म्हणून ताईला तिथे ठेवले, असे त्याला वाटत होते. हे आम्हाला महिनाभराने कळले.

खर्च किती येतो, आणि विमा चालतो का?

सरकारी रुग्णालयात खर्च अगदी थोडा येतो. खासगी ठिकाणी खोलीचे भाडे, डॉक्टरांच्या फेऱ्या, सत्रे आणि तपासण्या यांचे वेगवेगळे आकार असतात. दाखल होतानाच अंदाजपत्रक आणि शेवटी बाबवार बिल मागावे. शारीरिक आजाराला ज्या अटींवर विमा मिळतो त्याच अटींवर मानसिक आजारालाही मिळाला पाहिजे, असे अधिनियमाचे कलम २१ सांगते, आणि विमा नियामक प्राधिकरणाने १६ ऑगस्ट २०१८ रोजी कंपन्यांना तसे कळवले आहे. तरीही आमचा दावा पहिल्यांदा ‘मानसिक आजार वगळलेला आहे’ असे सांगून परत आला. आम्ही कलमाचा उल्लेख करून लेखी तक्रार केली आणि पाच महिन्यांनी पैसे मिळाले. पॉलिसीचा प्रतीक्षा काळ आधी पाहून घ्यावा. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत काय बसते हे रुग्णालयातील आरोग्यमित्राला विचारावे.

मुलाने स्वतःला इजा करून घेतली असेल तर पोलीस केस होते का?

रुग्णालयाला पोलिसांना कळवावे लागते आणि पोलीस जबाब घ्यायला येऊ शकतात. मुलाला शिक्षा होण्याची भीती मात्र बाळगू नये. अधिनियमाच्या कलम ११५ नुसार असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असेच गृहीत धरले जाते, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत, आत्महत्येचा प्रयत्न हा गुन्हा ठरवणारे दंड संहितेतले जुने कलम ३०९ राहिलेलेच नाही. पोलिसांच्या भीतीने दवाखाना टाळणारी माणसे मी पाहिली आहेत, म्हणून हे स्वतंत्र लिहिले.

शाळा-कॉलेजचे काय?

मुख्याध्यापक किंवा प्राचार्य यांना प्रत्यक्ष भेटावे. प्रमाणपत्रावर आजाराचे नाव न घालता ‘वैद्यकीय कारणासाठी रुग्णालयात दाखल’ असे लिहून देण्याची विनंती डॉक्टरांना करता येते. सांगली, सातारा आणि कोल्हापूर हे तिन्ही जिल्हे राज्य मंडळाच्या कोल्हापूर विभागात येतात. दहावी-बारावीला ७५ टक्के हजेरीची अट असते, म्हणून हजेरीत सूट हवी असेल तर वैद्यकीय कागदांसह शाळेमार्फत अर्ज वेळेत करावा. आम्ही नीटचा क्लास सोडला आणि अकरावी पुन्हा केली. क्लासने फी परत दिली नाही.

घरी आल्यावर काय काळजी घ्यावी?

मला विचाराल तर खरी परीक्षा इथे आहे. वॉर्डात धोक्याचा काळ टळतो, आजार घरी येतो. डिस्चार्जनंतरचे पहिले काही आठवडे जोखमीचे असतात, हे मला आधी कोणी सांगितले असते तर मी स्वागताला पुरणपोळी करून वीस माणसे बोलावली नसती. ती अर्ध्या जेवणातून उठून खोलीत गेली.

डिस्चार्जचा निर्णय आपल्याशी बोलूनच व्हावा अशी कायद्याची अपेक्षा आहे. निघताना तीन गोष्टी लेखी घ्याव्यात: गोळ्यांचे वेळापत्रक, पुढच्या भेटीची तारीख आणि कोणती लक्षणे दिसल्यास त्याच दिवशी परत आणायचे ते. पहिली भेट आठवडाभराच्या आतच असावी. गोळ्या कुलपात ठेवून आपण हाताने द्याव्यात, आजीच्या गोळ्याही त्याच कुलपात.

आणि फवारणीची औषधे. तासगाव, पलूस, मिरज पट्ट्यात ज्यांची द्राक्षबाग आहे त्यांच्या घरी ती पडवीत, जिन्याखाली, कधी न्हाणीघरातही असतात. आमची बाग माझ्या दिरांकडे आहे आणि सुट्टीत मुले तिकडेच असतात. डॉक्टरांनी सांगितल्यावर दिरांनी सगळे डबे उचलून मळ्यातल्या लोखंडी पेटीत कुलूप लावून ठेवले, किल्ली कमरेला. ‘पोरगी तर बरी झाली ना?’ असे त्यांनी एकदाच विचारले आणि मग वाद घातला नाही. तीव्र निराशेची लाट बऱ्याच वेळा थोड्या वेळाची असते. त्या वेळात घातक वस्तू हाताशी नसणे यावर जीव वाचतो. इतर सगळे उपाय मागेपुढे झाले तरी चालेल, हे त्याच दिवशी करावे.

पुन्हा दाखल करावे लागले तर उपचार फसले असे समजायचे का?

नाही. आम्हाला चौदा महिन्यांनी पुन्हा अकरा दिवस जावे लागले. त्या वेळी बॅग तिने स्वतः भरली, आणि नाड्या घरीच काढून ठेवल्या होत्या.

आता ती कशी आहे?

या प्रश्नाचे उत्तर मी दीड पान लिहिले होते. ते तिने काढायला लावले. प्रश्न राहू दे म्हणाली, कारण सगळे तो मलाच विचारतात.